क्रमवारीत पाचशेच्या आसपास असलेल्या महिला टेनिसपटूचं करिअर कसं असतं? त्यावर पोट भरतं का?

तुमची भाची ज्युनियर गटात चांगली खेळते, आता प्रोफेशनल व्हायचं म्हणते, आणि ती पाचशेच्या आसपासच राहिली तर काय, अशी तुमची काळजी आहे. मी त्याच पट्ट्यात काही वर्षं खेळले, आता कोचिंग करते. स्पष्टच सांगते: नुसत्या बक्षिसाच्या पैशावर पोट भरत नाही. पण खेळ कच्चा म्हणून मुली तिथे अडकतात, हा समज मला अजिबात पटत नाही. वर्षाचे किती आठवडे खेळणं परवडतं, यावर फार काही ठरतं.

सुरुवात डब्ल्यू-१५ स्पर्धांपासून होते, म्हणजे महिलांच्या सर्वांत खालच्या पातळीवरच्या प्रोफेशनल स्पर्धा. एकूण बक्षीस १५,००० डॉलर, तेही एकेरी-दुहेरीत मिळून सगळ्यांत वाटायचं. मुख्य ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत हरलात तर हाती दीडशे डॉलरच्या आसपास, त्यातून बऱ्याच देशांत करही कापतात, आणि क्रमवारी ज्यांवर ठरते ते गुण शून्य. २०२४ पासून स्पर्धेच्या नावातला आकडा म्हणजेच विजेतीचे गुण: डब्ल्यू-१५ ला १५, डब्ल्यू-३५ ला ३५, असं थेट डब्ल्यू-१०० पर्यंत. हे गुण ५२ आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी या आठवड्यात फायनल खेळलात आणि यंदा घोटा मुरगळून घरी बसलात, की ते गुण गेले. खाली इतकी दाटी असते की पाच-दहा गुण गेले तरी क्रमवारी धाडकन घसरते.

आणि खर्च थांबत नाही. तिकीट, हॉटेल, गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणं), फिजिओ. म्हणून तर मुली ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कीतलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल-शेख इथे जाऊन राहतात. एकाच ठिकाणी ओळीने स्पर्धा मिळतात, विमानाचा खर्च एकदाच. खोली शेअर करायची, कधी कधी तिच्याचबरोबर जिच्याशी उद्या मॅच आहे. कोच सोबत नेणं बहुतेकींना झेपत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या आकड्यांवर अभ्यास केला होता. कोचचा खर्च न धरताही, महिलांमध्ये २५३ व्या क्रमांकापर्यंतच जमाखर्च जुळत होता.

मॅचचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मागचं कोर्ट, बॉल बॉय नाहीत, चेंडू आपणच गोळा करायचे. प्रेक्षक म्हणजे प्रतिस्पर्धी मुलीची आई आणि पुढच्या मॅचसाठी कोर्टाची वाट बघणाऱ्या दोघी. अंपायर मात्र प्रत्येक पॉइंट हातातल्या उपकरणावर नोंदवतो, तो स्कोअर त्याच क्षणी जगभर जातो आणि त्यावर सट्टा लागतो. हरून बॅग भरताना फोन उघडला की अनोळखी माणसांच्या शिव्या, घरच्यांना धमक्या. डब्ल्यूटीए (महिला टेनिसची व्यावसायिक संघटना) आणि महासंघाच्या अहवालानुसार २०२४ मध्ये ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे ८,००० गलिच्छ पोस्ट आल्या. त्यातल्या सुमारे ४० टक्के चिडलेल्या सटोडियांच्या. कोणी मुद्दाम मॅच हरायला पैसे देऊ केले तर तात्काळ कळवावं लागतं, न कळवणं हाही गुन्हा. भाचीला हे पहिल्या दौऱ्याआधीच समजावून सांगा. विशीच्या आतल्या मुलीवर एकटीने हे झेलायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

खरी सीमारेषा आहे ती साधारण सव्वादोनशे-अडीचशेची. तिथे पोचलं की ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत प्रवेश मिळतो. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरलेलीलाही १५,५०० पौंड मिळाले, मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत ६६,०००. अशा चार स्पर्धा वर्षात. त्या पैशातून कोच येतो, फिजिओ येतो, आणि मग खेळही सुधारतो. पाचशेवालीला नेमकं तेच मिळत नाही.

कोणीतरी तुम्हाला लोइस ब्वासोंचं उदाहरण देईलच: २०२५ मध्ये ३६१ व्या क्रमांकावरून वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर) फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. अप्रतिम खेळली ती, पण तिची क्रमवारी पडली होती गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीमुळे; त्याआधी ती दीडशेच्या आसपास होती. त्यावर घरचा हिशेब मांडू नका.

खालच्या फळीतल्या मुली तगतात त्या वेगळ्या कमाईवर. जर्मनी-फ्रान्समधल्या क्लब लीगमध्ये मॅचमागे ठरलेले पैसे मिळतात, आणि अनेकींसाठी वर्षातली सर्वांत खात्रीची कमाई तीच. दुहेरी खेळावंच, आठवडा थोडा तरी वसूल होतो.

भाची अजून शाळेत असेल, तर माझं मत अमेरिकन कॉलेज टेनिसच्या बाजूने आहे. स्कॉलरशिप, कोच, जिम, भरपूर मॅचेस, वर डिग्री. डॅनियल कॉलिन्स तिथूनच आली आणि २०२२ ची ऑस्ट्रेलियन ओपन फायनल खेळली. एमा नवारो २०२१ ची कॉलेज चॅम्पियन, २०२४ मध्ये पहिल्या दहात. थेट प्रोच व्हायचं असेल, तर निदान दोन वर्षांचा पूर्ण खर्च आधी बाजूला काढा आणि पहिलं वर्ष क्रमवारीकडे बघूही नका. किती आठवडे ती दुखापतीविना खेळली आणि स्वतःपेक्षा वरच्या किती मुलींना तिने हरवलं, एवढंच वहीत लिहीत जा.