कोपरखैरण्याच्या गच्चीवरून परग्रह

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे पृथ्वीसारखे ग्रह शोधायचे म्हणते. तिचे बाबा ऐरोलीला आयटीत आहेत. ते म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कर. आमच्या कोपरखैरण्याच्या गच्चीवरून धड दहा तारे दिसत नाहीत, ही ग्रह कुठून शोधणार? – एक आई

उत्तर: ताई, गच्चीची काळजी सोडा. 2004 सालचं शुक्राचं अधिक्रमण आठवतं? सूर्यबिंबावरून सरकणारा तो काळा ठिपका? दूरच्या ताऱ्यासमोरून ग्रह असाच गेला, की ठिपका दिसत नाही, पण ताऱ्याचा उजेड किंचित घटतो. आपली पृथ्वी सूर्यासमोरून जाताना लांबून कुणी पाहिलं, तर सूर्य जेमतेम 12,000 व्या हिश्शाने मंदावेल. तेही वर्षातून एकदा, सुमारे 13 तास. आपल्या हवेची थरथरच याहून मोठी, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. नासाच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीने 2009 पासून चार वर्षं आकाशाच्या एकाच तुकड्यातल्या दीड लाखांहून अधिक ताऱ्यांवर नजर रोखली. पुढे 2018 मध्ये नासाचीच टेस ही दुर्बीण गेली.

उजेड घटला की ग्रह सापडला, इतकं सोपं नसतं. एकमेकांना झाकणारे जोडतारे हुबेहूब तसंच फसवतात. ही छाननी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि संख्याशास्त्र यांच्या जोरावर संगणकावर होते. बाबांचं क्षेत्र इथे परकं नाही. तरी माझं मत स्पष्ट आहे: ओढ खरी असेल तर पदवी भौतिकशास्त्राची घ्यावी, कोडिंग सोबत शिकता येतं.

त्यासाठी आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था आहेत; आयसरसाठी आयएटी, नायसरसाठी नेस्ट या प्रवेश परीक्षा आहेत. वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. खगोलशास्त्र ऑलिंपियाडचं निवड शिबिर तिथेच भरतं. पहिल्या फेरीची नोंदणी कॉलेजात विचारा.

वाट लांब आहे, हे मात्र आधीच घरात बोलून घ्या. पाच वर्षं बीएस-एमएस ही सलग पदवी-पदव्युत्तर पदवी, मग पीएचडीची पाच-सहा. तेव्हा फेलोशिप मिळते, पण कायमच्या जागा मोजक्याच. देशात हे काम होतं, याबद्दल शंका नको: केप्लरने हेरलेल्या एका ग्रहाचं वस्तुमान अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या दुर्बिणीवरून मोजलं, ते 2018 मध्ये जाहीर झालं.

आणि निर्णयाआधी एक करून पाहा. केप्लर-टेसची निरीक्षणं सगळ्यांना मोफत खुली आहेत, ती उघडायला लाइटकर्व्ह नावाचं पायथनचं मोफत साधनही आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला वास्प-18 हा तारा घेऊ द्या. त्याचा ग्रह गुरूच्या दहापट जड, दिवसही पुरा न होता फेरी मारणारा. दर फेरीला उजेड जवळजवळ एक टक्का घटतो. आलेखात तो खड्डा तिचा तिला काढता आला, की मग लहान ग्रहांकडे वळू दे. कोडमध्ये अडलीच, तर बाबा घरातच आहेत.