बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, अनुभव शून्य. एम.एस्सी. केल्याशिवाय नोकरी मिळेल का?

मिळते. सुरुवातीचा पगार ऐकून नातेवाईक नाक मुरडतील, पण मिळते.

मी शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी. लोटे एमआयडीसीत क्यूसी लॅबच्या, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबच्या, इंटरव्ह्यूला गेले तर पहिलाच प्रश्न, एचपीएलसी चालवलंय का? मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं हे यंत्र. कॉलेजात त्याची आकृती काढायला शिकवतात, मशीनला हात लावू देत नाहीत. नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी फाइल मिटली. म्हणाले, मग टायट्रेशन तरी करून दाखवा, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण मोजायचं. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अॅसिड. ब्युरेट (खुणा असलेली, तोटीची काचनळी) पाण्याने धुऊन परत परमँगनेटनेच विसळली, तोटीतला हवेचा बुडबुडा काढला, फ्लास्क गरम करून घेतला. रीडिंग घेतलं तर साहेब म्हणाले, "वरच्या कडेचं का घेतलंत?" द्रावण इतकं गडद असतं की नळीतल्या पातळीचा खालचा वक्र दिसतच नाही, म्हणून. पुढच्याच आठवड्यात रुजू झाले. ठेकेदाराच्या पेरोलवर, पण पीएफ कापला जायचा, आणि एचपीएलसी, पाण्याचा अंश मोजणारी कार्ल फिशर चाचणी, सगळं तिथेच शिकले.

काका तेव्हा म्हणाले होते, "कंपनीत बाटल्या धुण्यापेक्षा बी.एड. कर, पोरीच्या जातीला तेच बरं." माझ्या बी.एड. झालेल्या मैत्रिणी शिक्षक पात्रतेची टीईटी पास होऊनही शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसल्या, विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबल्या. हुशारीत त्या माझ्यापेक्षा तसूभरही कमी नाहीत. नोकरी लागेपर्यंत घरी बसून आणखी एक पदवी घ्यायची, हा सल्ला देणाऱ्याचं काहीच जात नाही.

२०२४ च्या इंडिया एम्प्लॉयमेंट रिपोर्टमध्ये २०२२ सालचे आकडे आहेत: तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के, निरक्षर तरुणांत ३.४. यावरून पदवीच वाया म्हणणारे मला पटत नाहीत. निरक्षराला घरी बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. तेव्हा पहिली नोकरी कायमची नसली तरी धरा. राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन आहे. ती नोकरी नव्हे, पण लॅब मिळत असेल तर सोडू नका.

हां, प्राध्यापक व्हायचं असेल किंवा आर अँड डीत (संशोधनात) जायचं असेल तर एम.एस्सी. लागतेच. मीही नंतर केली, पण स्वतःच्या पगारातून.