गिळण्याची चित्रफीत वाचायला शिकताना

व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे गिळतानाची क्ष-किरण चित्रफीत, पाहायला बसल्यावर बेरियम (रुग्णाला गिळायला दिलेले, क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य) श्वासनलिकेत गेले का, एवढेच शोधत राहणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते. आधी जबडा, कंठिका अस्थी (जिभेच्या मुळाशी असलेले छोटे हाड), स्वरयंत्र आणि मानेचे मणके नीट ओळखा; मग तोच घोट एकेक चौकट सरकवत पुन्हा पाहा, कारण घशातला सारा खेळ जेमतेम सेकंदभराचा असतो.

बेरियम स्वरतंतूंच्या वर थांबले की खाली उतरले, हे स्पष्ट लिहा. खाली उतरूनही रुग्ण खोकला नाही, तर ते अधिक धोक्याचे समजा. माझ्या पहिल्या अहवालात नुसते ‘आत गेले’ असे होते. गिळण्याआधी, गिळताना की नंतर, हे नव्हते, आणि उपाय तर बराचसा त्यावरच ठरतो. बेरियम किती खोल गेले आणि रुग्णाने ते बाहेर काढले का, हे मोजणारी रोझेनबेक यांची ८ गुणांची मोजपट्टी सध्या बाजूला राहू द्या.