वनविद्येची पदवी की वनरक्षक भरती? सिंदेवाहीकडच्या मुलीला

तू लिहिलंस की बारावी सायन्स झाली, सीईटी दिली, बाबांचं चार एकर धान आहे आणि घरात तीन मतं आहेत. मामा म्हणतात डी. फार्म कर, बाबा म्हणतात फॉरेस्टात पोरीचं काय काम, आणि तुला जंगलातलंच काम पाहिजे. मी अकोल्याहून वनविद्येची पदवी घेतली, त्याला बरीच वर्षं झाली. त्यातली बहुतेक गडचिरोलीत गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे ठरव की तुला वर्दी पाहिजे की जंगलाचं काम. दोन्ही पाहिजे असं म्हटलंस तरी हरकत नाही, पण वाटा वेगळ्या आहेत.

वनरक्षक भरतीला पदवी लागत नाही. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यातला एक विषय असला की चालतं. मुलींना उंची १५० सेंमी, आदिवासी मुलींना १४५. लेखी परीक्षा, ३ किमी धावणं आणि ४ तासांत १६ किमी चालणं. लागलीस की हातात बीट येतो, म्हणजे राखायला जंगलाचा एक ठरलेला तुकडा, पुढं बढतीनं वनपाल. दुसरं दार पदवीनंतरचं: एमपीएससीतून वनक्षेत्रपाल, म्हणजे आपला आरएफओ, किंवा सहायक वनसंरक्षक, यूपीएससीतून भारतीय वनसेवा, जिची पूर्वपरीक्षा २०१३ पासून नागरी सेवांसोबतच होते. या परीक्षांना बॉटनी-झूऑलॉजीवाले बसतात, इंजिनिअरही बसतात. त्यामुळं "फॉरेस्ट्री केली की फॉरेस्टात लागतेच" असं कोणी सांगितलं तर मानू नकोस.

मी मानलं होतं. पदवी झाल्यावर नागपुरात खोली करून तीन वर्षं जाहिरातीची वाट पाहिली. एकदा थोड्या मार्कांनी हुकलं, एकदा जाहिरातच निघाली नाही. त्या तीन वर्षांत मी एकही जंगल पायी फिरले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तरी पदवी घे असंच मी सांगेन. चार वर्षांची आहे, विदर्भात अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, नाहीतर थेट दापोली. प्रवेश सीईटीवरच होतो. शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्यावर जादा गुण मिळतात, तेव्हा बाबांचा सातबारा आत्ताच काढून ठेव. दरवर्षी कोणाचं तरी घोडं त्याच कागदावर अडतं.

तिथं रोपवाटिका, वनसंवर्धन, माती-पाणी, वन्यजीव, कृषिवानिकी सगळं असतं. माझा जीव जडला तो वनमापनावर. पहिल्या प्रात्यक्षिकाला सागाचा घेर मोजायचा होता, जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला. झाड उतारावर होतं. मी खालच्या अंगाला उभी राहून टेप लावला. सरांनी तो सोडवला, मला चढाच्या अंगाला उभं केलं आणि पुन्हा मोजायला लावलं. घेर दीड इंचानं कमी भरला. "एका झाडाला दीड इंच, तर अख्ख्या कंपार्टमेंटला लाकूड किती फुगलं?" एवढंच विचारलं त्यांनी. कंपार्टमेंट म्हणजे जंगलाचा आखलेला एक भाग. तेव्हापासून उतारावरचं झाड दिसलं की माझे पाय आपोआप वरच्या अंगाला जातात.

आता तुझ्याजवळ काय आहे ते बघ. मार्चमध्ये मोह गळायला लागला की फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, हे तू लहानपणापासून पाहिलं असशील. माझ्या वर्गातल्या शहरी मुलींना वणवा पुस्तकातून कळला: हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, अशी काढायची, तशी काढायची. पण आग सुटते कुठून, हे मोह वेचणाऱ्या घरच्या पोरीला ठाऊक असतं. एका गावात ग्रामसभेचा वन व्यवस्थापन आराखडा करताना मी जाळरेषांचा नकाशा मोठ्या हौसेनं काढून नेला. एक आजी म्हणाली, "रेषा कायले मारतेस बाई, मोहाखाली बांधाले जाळी दे. फूल जाळीत पडलं त आमी आग कायले लावू?" पुढच्या हंगामात चार खुंट्यांवर ताणलेल्या जाळ्या लागल्या. ज्या पट्ट्यात लागल्या तिथं त्या वर्षी आग आली नाही, आणि पावसाळ्यात ऐन-बेहड्याची बोटभर रोपं दिसली. आधी ती दरवर्षी जळून जायची. मी खाली बसून एक-एक मोजली.

हे काम वर्दीशिवायचं आहे आणि आपल्याच भागात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचं जंगल गावानं सांभाळायचा आणि वापरायचा हक्क, मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडं आला. आता कितीतरी गावं तेंदू-बांबूचा व्यवहार स्वतः करतात. किती बांबू काढला तर बेट टिकेल, चारोळीसाठी फांद्या तोडल्या तर पुढं काय होईल, हे मोजून सांगणारं माणूस त्यांना लागतं. पगार प्रकल्पावर असतो आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं कमीच असतो, हे आधीच सांगते. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं तंत्र, शिकून घे, त्यानं फार फरक पडतो. पुढं शिकायचं असलं तर डेहराडूनची वन अनुसंधान संस्था आहे, भोपाळची वन प्रबंधन संस्था आहे. बांबूतच रस वाटला तर तुझ्या घराजवळ चिचपल्लीचं बांबू केंद्र आहे.

बाबांना "धोका नाही" असं खोटं सांगू नकोस. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. पण तुमच्या पट्ट्यात सरपणाला आणि वावरात गेलेल्या बायाही जातात, हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना जवळच्या बीटवरच्या एखाद्या महिला वनरक्षकाकडं घेऊन जा. तू बोलू नकोस, त्यांनाच विचारू दे: रात्री कुठं राहता, सोबत कोण असतं, पोरं कोण सांभाळतं. माझ्या वडिलांचं मन असंच वळलं होतं.

पसंतीक्रमात अकोला वर टाक. वनरक्षकाची जाहिरात मध्ये आली तर तोही अर्ज भर, रोज सकाळी धावायला आजपासून लाग. कागद कुठं अडला तर मला लिही.