नाव घ्यायचं थांबवू नकोस

बाळा,

“तिथे कुणी उपाशी नाही, युद्ध नाही, बाराव्या वर्षी काम ठरवून मिळतं. मग जोनासनं पळायचं कशाला?” ‘द गिव्हर’ कादंबरीतल्या जोनासच्या वस्तीबद्दलचा हा तुझा प्रश्न वाचून आधी चिडलेच मी. मग खालची ओळ दिसली, ‘माझंही कुणीतरी ठरवून टाकलं असतं तर बरं झालं असतं.’ राग तिथेच विरला.

पण ‘द गिव्हर’ तू घाईत वाचलीस. त्यातला केलेब आठवतो? चार वर्षांचं पोर नदीत जातं. सगळी वस्ती दिवसभर त्याचं नाव घेते, हळूहळू कमी वेळा, दबत्या आवाजात, शेवटी ते नाव विरूनच जातं. पुढे त्याच आईबापांना दुसरं बाळ देतात. त्याचंही नाव केलेब! झालं, हिशेब मिटला.

आणि जोनासचे वडील. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाच्या कपाळावरच्या शिरेत ते सुई खुपसतात, त्याच्याशी लाडानं बोलत बोलत. हा माणूस दुष्ट नाही रे. घरी मुलांवर माया करणारा आहे. त्या वस्तीत जुन्या आठवणी एकाच माणसाकडे सोपवलेल्या असतात. मरण म्हणजे काय, याची आठवणच जोनासच्या वडिलांकडे ठेवलेली नाही, मग हात थांबणार कसा? म्हणून सांगते, झालेलं दुःख कुणाला पुसू देऊ नकोस. अगदी प्रेमानं पुसायला आले तरी.

लोइस लोरींना ही १९९३ची कादंबरी सुचली त्यामागे त्यांचे वडील होते. म्हातारपणी त्यांची स्मृती जात चालली होती. थोरली लेक हेलन तरुणपणीच वारली, हेसुद्धा ते विसरले होते. तिचं काय झालं, असं विचारायचे. लोरींनी सांगायचं, वडिलांनी पुन्हा विसरायचं. विसरण्यात किती आराम आहे, हे या बाईंनी घरातच पाहिलं होतं.

मीही पाहिलंय. धाकटा भाऊ गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आईला त्रास नको म्हणून त्याचा फोटो कपाटात गेला, कपडे देऊन टाकले, त्याचं नाव घ्यायचं नाही हे कुणी न सांगताच ठरलं. पुढे कितीतरी वर्षांनी बाबा जेवताना “हे त्याला फार...” एवढंच म्हणाले आणि मी घाईघाईनं विषय बदलला. ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मी तरी काय करणार होते? आई रात्र रात्र जागायची, घर सावरायला कुणीतरी हवंच होतं. पण तेव्हा मी तिशीची होते, लहान नव्हते. आज त्याचा आवाज आठवायला बसते, येत नाही.

तुझं वर्ष वाया गेलं, तो अभ्यासक्रम सुटला आणि घरात त्यावर चकार शब्द निघत नाही, असं लिहिलंयस. सगळे किती समजूतदार आहेत, असंही. बाळा, हा समजूतदारपणा मला चांगला ओळखीचा आहे! पुढचं क्षेत्र निवडशील सावकाश, त्याची मला काळजी नाही. आधी या वर्षाचं नाव घे. आज रात्री, सगळे पानावर असताना. कुणी विषय बदलला तर पुन्हा घे. पुसू देऊ नकोस.

भावाचा फोटो मी गेल्या महिन्यात बाहेर काढला. मागे आईच्या अक्षरात त्याचं नाव आहे, चार-पाच वेळा, वेगवेगळ्या शाईत. ती कपाट कधी उघडायची, मला माहीत नव्हतं.

तुझी,
मावशी