ॲक्सेसरी कॅबिनेटलाच जोडा

सॉफ्टवेअरमध्ये किचन कॅबिनेटचं ड्रॉइंग करताना ‘पुल-आउट बास्केट’ (बाहेर ओढायची जाळीची टोपली) यासारखी ॲक्सेसरी नुसता मजकूर टाकून लिहू नका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असा सुटा मजकूर मटेरियलच्या यादीत उतरत नाही, आणि कॅबिनेट सरकवलं की तो जागच्या जागी राहतो. ॲक्सेसरी त्या कॅबिनेटच्या प्रॉपर्टीमध्येच (सॉफ्टवेअरमधल्या त्याच्या माहितीच्या रकान्यात) भरा.

माप आतलं धरा. ६०० मिमीच्या कॅबिनेटमधून १८ मिमीच्या दोन्ही बाजू वजा केल्या की ५६४ उरतात. बास्केट त्यात बसायला हवी. दार बिजागरीचं असेल तर उघडल्यावर ते आत किती जागा खातं तेही बघा, कारण बास्केट नेमकी तिथेच अडते. म्हणून कॅबिनेटच्या लेबलवर दाराची बिजागरी डावीकडे की उजवीकडे हे लिहाच.

फिलर (फट झाकणारी पट्टी), साइड पॅनल, स्कर्टिंग (कॅबिनेटखालची जमिनीलगतची पट्टी) यांनाही स्वतंत्र नंबर द्या. ऑर्डरमधून सर्रास हेच सुटतात.