आधुनिक वास्तुकला लोकप्रिय होण्यात फोटोग्राफीचा नेमका वाटा काय?

मासिकांमुळे मोठ्या काचांची ही आधुनिक घरं लोकांपर्यंत पोचली असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण छापण्याजोगा फोटो मिळवणं हेच मोठं काम होतं. काचेच्या घराचं सगळं आकर्षण म्हणजे आत-बाहेरची सीमा पुसली जाणं, आणि कॅमेऱ्याला नेमकं तेच जमत नाही. दुपारी बाहेरचं भगभगीत येतं, आत अंधार. रात्री दिवे लावले की काचेत खोलीचंच प्रतिबिंब पडतं आणि पलीकडचं दिसेनासं होतं.

वास्तुकलेचे छायाचित्रकार ज्युलियस शुल्मन यांनी १९६० साली लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या स्टाल हाऊसचा (वास्तुविशारद पिअर कोनिग) जो फोटो काढला, त्यात हे कसं सोडवलंय ते बघा. ४×५ इंची निगेटिव्ह, कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का. घरातले दिवे बंद ठेवून खालच्या शहरासाठी सुमारे सात मिनिटं एक्स्पोजर दिलं, म्हणजे तेवढा वेळ फिल्मवर प्रकाश पडू दिला. मग त्याच निगेटिव्हवर खोली आणि आत बसलेल्या दोन तरुणी फ्लॅशने उजळल्या. छताच्या गोल दिव्यांत साध्या बल्बांच्या जागी फ्लॅशबल्ब होते. अशा वेळी ट्रायपॉड केसभर हलला तरी दिव्यांच्या रेघा उमटतात. माणसाने जागा बदलली, तर मागचे दिवे त्याच्या अंगातून आरपार दिसतात.

उभ्या रेषांचंही तसंच. कॅमेरा वर कलवला की खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. म्हणून व्ह्यू कॅमेऱ्याची (ज्यात लेन्स आणि फिल्मची बाजू वेगवेगळी हलवता येते) मागची बाजू उभी ठेवून फक्त लेन्स वर सरकवतात. कृष्णधवल फिल्मवर लाल फिल्टर लावला की निळं आकाश गडद होतं आणि पांढऱ्या भिंती उठून दिसतात. या घरांच्या फोटोंतला काटेकोर नेमकेपणा बराचसा इथून आलाय.

स्टाल हाऊस हे 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' मासिकाने १९४५ मध्ये सुरू केलेल्या केस स्टडी हाऊस योजनेतलं २२ क्रमांकाचं घर. म्हणजे घरं बांधवून घेणारं आणि त्यांचे फोटो छापणारं मासिक एकच! माझ्या मते ही शैली पसरण्यात या जोडणीचा वाटा एखाद्या फोटोपेक्षा मोठा आहे.

फोटोंनी दिशाभूलही केली. वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह यांचं बार्सिलोना पॅव्हेलियन हे प्रदर्शनासाठीचं दालन १९२९ चं, पुढच्याच वर्षी उतरवलेलं. १९८६ मध्ये त्याच जागी ते पुन्हा उभं राहीपर्यंत बहुतेकांनी ते कृष्णधवल फोटोंतच पाहिलं. सोनेरी-तांबूस ऑनिक्स दगड, हिरवा संगमरवर, लाल पडदा यांतला एकही रंग त्या फोटोंत नव्हता.